नाताळची धावपळ कमी करून घरात प्रभूसाठी वेळ कसा काढायचा? तुमच्या घरी काय करता ते सांगा

लेकुरवाळी

सगळ्यांना प्रभूच्या नावात सलाम. बरेच दिवस विचारायचं म्हणत होते, आता नाताळच्या आधीचा आगमनकाळ तोंडावर आलाय म्हणून लिहितेच.

आमच्या घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि तीन मुलं, मोठा 13 चा, मधला 8 चा, धाकटी 4 ची. डिसेंबर लागला की साफसफाई, सजावट, सगळ्यांचे कपडे, कोणाला काय गिफ्ट, क्वायरची प्रॅक्टिस, शाळेचा प्रोग्रॅम, चर्चमधलं मुलांचं नाटक, ह्यांच्या ऑफिसची पार्टी, मग पाहुणे, मग आपण कोणाकडे जायचं, हे सगळं एकामागून एक सुरू होतं. एकेक गोष्ट वेगळी बघितली तर चांगलीच आहे, कोणतीही वाईट नाही, पण सगळं मिळून 24 च्या रात्रीपर्यंत घरातला प्रत्येक माणूस इतका थकलेला आणि चिडलेला असतो की उपासनेत आपण नुसते बसलेले असतो आणि डोक्यात उद्याच्या कामांचा हिशोब चालू असतो. मधला तर प्रार्थना चालू असताना मला विचारतो, आई गिफ्ट आत्ता उघडायचे की चर्चवरून आल्यावर. त्याला काय बोलणार, महिनाभर घरात त्याने हेच बोलणं ऐकलेलं असतं.

मला सण बंद करायचा नाहीये, गिफ्ट नकोत सजावट नको असंही अजिबात नाही. मला फक्त एवढं हवंय की हे चार आठवडे कोणाच्या जन्मासाठी आहेत ते मुलांना घरात दिसावं, आणि 25 ला आम्ही सगळे एकमेकांशी नीट बोलत असावेत. तर तुमच्याकडे नेमकं काय करता? नुसतं "प्रार्थना करा" नको प्लीज, कधी बसता, किती वेळ, लहान मुलं असली तर काय वाचता, काय बंद केलं, असं सविस्तर सांगितलंत तर खरंच खूप मदत होईल.

संडेस्कूलवाली

ताई सलाम. मी बरीच वर्षं संडेस्कूल घेते आणि डिसेंबरमध्ये हाच प्रश्न कुठल्या ना कुठल्या आईकडून येतोच, म्हणून थोडं लांबलचक लिहिते, चालवून घ्या.

पहिली गोष्ट, आगमनकाळ आणि नाताळ हे दोन वेगळे काळ आहेत आणि आपण घरात ते एकच करून टाकलेत, गडबड तिथूनच सुरू होते असं माझं स्पष्ट मत आहे. आगमनकाळ म्हणजे वाट पाहायचे चार रविवार. पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्यामध्ये कधीतरी येतो, त्यामुळे हा काळ कधी 22 दिवसांचा तर कधी 28 दिवसांचा असतो. जुन्या मंडळ्यांमध्ये हा साधेपणाचा आणि आत्मपरीक्षणाचा काळ मानायचे, पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत तर नाताळच्या आधी 40 दिवसांचा उपवास अजूनही पाळतात. म्हणजे शांतपणे तयारी करणं हे आपण काही नवीन शोधून काढत नाहीये, ते आधीपासून आपलंच आहे, फक्त त्यावर सेल आणि पार्ट्या येऊन बसल्यात.

आता मुलांचं. चार मेणबत्त्यांचं आगमनचक्र घरात ठेवा, दर रविवारी एक वाढवायची. याची गोष्ट मुलांना जरूर सांगा, हॅम्बर्गमध्ये विखर्न नावाचे एक पाळक गरीब मुलांसाठी आश्रमशाळा चालवायचे, ती मुलं रोज विचारायची नाताळ कधी येणार, तर त्यांनी 1839 मध्ये एका लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांच्या छोट्या लाल, आणि रोज एक पेटवायची. म्हणजे ही गोष्ट सुरूच झाली वाट बघणाऱ्या मुलांसाठी. आपल्या मुलांना वाट बघायला शिकवणं हे आजच्या काळात फार मोठं काम आहे कारण त्यांना सगळं बटण दाबलं की मिळतं.

वाचनाचं सांगते. बरेच जण 1 डिसेंबरपासून रोज लूकच्या शुभवर्तमानाचा एक अध्याय घेतात, 24 अध्याय आहेत त्यामुळे 24 तारखेला संपतं, मोठ्यांसाठी ते छानच आहे पण चार वर्षांच्या मुलीला झेपणार नाही. तुमच्या घरासाठी मी म्हणेन फक्त जन्माची कथा घ्या. लूकचे पहिले दोन आणि मत्तयचे पहिले दोन अध्याय. लूक 1 मध्ये 80 वचनं, लूक 2 मध्ये 52, मत्तय 1 मध्ये 25 आणि मत्तय 2 मध्ये 23, सगळी मिळून 180 होतात. 24 दिवसांत वाटली तर रोज सात-आठ वचनं, वाचायला दोन मिनिटं लागतात. एक जण वाचणार, एक जण सांगणार आज कोण भेटलं कथेत, धाकटी लेक मेणबत्ती विझवणार, एक छोटी प्रार्थना, संपलं. दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. आणि जागा आणि वेळ रोज तीच ठेवा, रात्रीचं जेवण झाल्यावर कोणी उठायच्या आधी, तिथेच. वेगळं बसू म्हटलं की राहून जातं.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुढचं वाचा, राहिलेलं भरून काढायला जाऊ नका, नाहीतर तेही कामांच्या यादीत जाऊन बसतं.

बारा_दिवस

वरच्या ताईंना अनुमोदन. मी कॅथलिक आहे, आमच्याकडे तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी असते, बाकी तेच.

मला दुसऱ्या टोकाबद्दल लिहायचंय. आपण सगळे 25 ला सण संपवतो. 26 ला झाड उतरवायची घाई. पण नाताळ 25 ला सुरू होतो! 25 डिसेंबर ते 5 जानेवारी असे बारा दिवस आणि मग 6 जानेवारीला प्रकटीकरणाचा सण, ज्या दिवशी मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, बाळ येशूला भेटायला आले त्याची आठवण. आम्ही घरी हे एकदा मनावर घेतलं आणि डिसेंबरमधली निम्मी गर्दी आपोआप कमी झाली, कारण आता कोणी म्हणालं 20 तारखेला या तर आम्ही सांगतो 29 ला येतो, 2 तारखेला येतो, अजून नाताळच आहे. लोकांनाही बरं वाटतं, तेव्हा त्यांची पण दमछाक झालेली नसते. भेटायला जाणं, पाहुणे, लांबच्या नातेवाइकांच्या गिफ्ट, हे सगळं बारा दिवसांत पसरवता येतं.

गोठ्याचं पण असंच. आमच्याकडे गोठा मांडतो पण गव्हाणी 24 च्या रात्रीपर्यंत रिकामी असते. मरीया आणि योसेफ घरात दुसरीकडे कुठेतरी असतात आणि रोज थोडे थोडे पुढे सरकतात, मुलंच सरकवतात, आणि मागी लोक अगदी लांब, दुसऱ्या खोलीच्या खिडकीत, ते 6 जानेवारीला पोचतात. मत्तय 2:11 नीट वाचा, ते "घरात" गेले असं लिहिलंय, गव्हाणी लूकमध्ये आहे आणि ती मेंढपाळांनी पाहिली. आणि ते तीन होते असंही शास्त्रात कुठे नाही, भेटवस्तू तीन आहेत, सोनं, ऊद आणि गंधरस. मुलांना असं काहीतरी शोधून काढायला फार आवडतं, माझी लेक ते शाळेत सगळ्यांना सांगत सुटली होती.

त्यावरूनच आम्ही गिफ्ट पण तीनच ठेवतो, प्रत्येक मुलाला, आणि त्यातली एक 6 तारखेला. त्यामुळे 25 ची सकाळ ही कागद फाडायची सकाळ होत नाही, चर्चवरून येतो, जेवतो, एक गिफ्ट उघडतो, दिवसभर तेच खेळतात. एकदम दहा गोष्टी समोर आल्या की मुलं कशाशीच खेळत नाहीत हे सगळ्याच आईबापांनी पाहिलंय.

संत फ्रान्सिस यांनी 1223 मध्ये इटलीत ग्रेच्चो गावी गव्हाणी मांडली, खरा बैल, खरं गाढव, गवत, ती याचसाठी की प्रभू किती गरिबीत जन्मला ते लोकांना डोळ्यांनी दिसावं. आपला गोठा लाइटिंगने इतका झगमगतो की ती गरिबी दिसतच नाही. यावर जरा विचार व्हावा असं मनापासून वाटतं.

मोठ्या_घरातली

सगळं वाचलं, छान आहे, पण मला एक वेगळी बाजू मांडायचीये, राग मानू नका.

शांत नाताळ म्हणजे कमी माणसं, कमी आवाज, दार बंद, असा अर्थ आजकाल घेतला जातोय आणि तो मला पटत नाही. लूक 2 उघडून बघा, शांतता कुठे आहे? नावनिशी म्हणजे जनगणना चालू आहे म्हणून सगळं गाव भरलंय, उतारशाळेत जागा नाही, बाळ झाल्याच्या रात्री अनोळखी मेंढपाळ दारात, आणि ते चालत नाही आले, घाईने आले असं लिहिलंय. एवढ्या गर्दीत मरीयेने काय केलं तर ऐकलेल्या सगळ्या गोष्टी मनात ठेवून त्यांचं मनन केलं (लूक 2:19). गर्दीत राहूनच तिला ते जमलं. त्यामुळे माझं म्हणणं, माणसं कमी करू नका, कामं कमी करा आणि जी उरतील ती वाटून घ्या.

आमचं घर मोठं आहे, नाताळला पंगतीवर पंगती होतात आणि मला त्या हव्याशा वाटतात. ज्यांना कोणी नाही अशी दोन-तीन माणसं दरवर्षी आमच्याकडे असतात, कोणी कामासाठी घरापासून लांब आलेलं, कोणी एकटी आजी. त्यांना बोलावणं हा माझ्यासाठी नाताळचा गाभा आहे, उद्या मी "शांतता हवी" म्हणून त्यांना नाही म्हटलं तर मला ते प्रभूला नाही म्हटल्यासारखं होईल.

पण आता खरा मुद्दा, ही सगळी कामं करतं कोण? लेकुरवाळी ताई, तुमची यादी परत वाचा आणि प्रत्येक कामापुढे कोणाचं नाव आहे ते लिहा. मला खात्री आहे जवळजवळ सगळीकडे तुमचं किंवा सासूबाईंचं नाव येईल. मार्था आणि तिची बहीण मरीया (येशूची आई नव्हे) यांच्या गोष्टीवरून (लूक 10) दर डिसेंबरला बायकांना सुनावलं जातं की मार्थासारखं करू नका, प्रभूच्या पायाशी बसा. अहो पण मग चुलीपाशी कोण जाणार? प्रभूने मार्थाला कामाबद्दल बोल लावला नाही, तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस, दगदग करतेस, त्याबद्दल बोलला. घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी कामं उचलली तर मार्थालाही बसता येईल.

आणि पुरुषांसाठी योसेफ आहे ना समोर. चारही शुभवर्तमानात योसेफाचा एक शब्द नाही, एकसुद्धा बोललेलं वाक्य नाही, पण दर वेळी तो झोपेतून उठला आणि त्याने केलं, मरीयेला घरी आणलं, रातोरात बाळ आणि आईला घेऊन मिसरला, म्हणजे इजिप्तला निघाला. आमच्याकडे ह्यांनी पाहुण्यांच्या जेवणानंतरची सगळी आवराआवर घेतलीये, "मदत करू का" असं विचारत नाहीत, ते त्यांचंच काम आहे. पूर्ण काम द्यायचं, अर्धवट नाही, आणि दिल्यावर त्यात डोकवायचं नाही.

लेकुरवाळी

किती छान लिहिलंत सगळ्यांनी, आज दुपारी ह्यांना पण वाचून दाखवलं. कामापुढे नावं लिहिली, आणि हो, जे म्हणालात तेच निघालं. ह्यांनी स्वतःहून पाहुण्यांचं आणि गिफ्टच्या खरेदीचं पूर्ण काम घेतलंय. 180 वचनांची वाटणी करायला घेतली आहे.

पण तीन गोष्टी अडतायत. एक, मोठा मुलगा. तो म्हणतो हे लहान मुलांचं आहे, मेणबत्ती बिणबत्ती, मी नाही बसणार, आणि बसला तर हातात फोन. जबरदस्ती केली तर अजून लांब जाईल ही भीती वाटते. दोन, सासूबाई. त्यांना वाटतं नातवंडांना गिफ्ट कमी दिल्या तर लोक काय म्हणतील, आणि आपण त्यांचं देणं नाकारतोय असं त्यांना वाटतंय, त्या दुखावल्यात. तीन, हे लिहायला बरं वाटत नाही पण सगळ्यात जास्त धावपळ चर्चचीच आहे. क्वायर, नाटक, कॅरल, डेकोरेशन कमिटी, सगळीकडे आमचीच नावं.

बाबा_माणूस

मोठ्याबद्दल मी लिहितो, माझ्या घरात दोन टीनएजर आहेत.

13 वर्षांच्या मुलाला चार वर्षांच्या बहिणीसाठी जे वाचलं जातं ते ऐकायला बसवलं तर तो कंटाळणारच, त्यात अश्रद्धा वगैरे काही नाही. त्याला ऐकणारा ठेवू नका, वाचणारा करा. आणि त्याला कथेतला तो भाग द्या जो आपण लहान मुलांच्या नाटकात कधी दाखवत नाही. मत्तय 2 चा दुसरा अर्धा भाग, हेरोद राजा, बेथलेहेममधल्या लहान मुलांची कत्तल, रात्री पळून परक्या देशात जाणं. देवाचा पुत्र जन्मल्या जन्मल्या निर्वासित झाला हे मोठ्या मुलांना एकदम पोचतं कारण ते बातम्या बघतात. मत्तय 1 मधली वंशावळ आपण कंटाळवाणी म्हणून सोडतो, पण त्यात तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको अशी चार नावं का आहेत, प्रत्येकीची गोष्ट काय होती, हे त्याला शोधून आणायला सांगा. आमच्या मुलीने ते केलं आणि मग जेवताना जे बोलणं झालं तसं आमच्या घरात आधी कधी झालं नव्हतं. अवघड प्रश्न विचारले तिने, काहींची उत्तरं मला देता आली नाहीत, तसं मी सांगितलं आणि आम्ही पाळकांना विचारलं.

शंका विचारली की ओरडू नका. मरीयेने पण देवदूताला विचारलंच ना, हे कसं होईल? तिला उत्तर मिळालं. आणि लूक 2 च्या शेवटी येशू 12 वर्षांचा आहे, जवळजवळ तुमच्या मुलाच्याच वयाचा, मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकतोय आणि प्रश्न विचारतोय. तो भाग त्याच्यासाठी राखून ठेवा.

फोनचं, सगळ्यांचे फोन एका टोपलीत, पहिला बाबांचा, मग आईचा, मग त्याचा. आजोबांचा पण. फक्त त्याचाच काढून घेतला तर ती शिक्षा होते. वाचनाची दहा मिनिटं आणि 24 ची संध्याकाळ एवढंच आम्ही ठेवलंय, जास्त ताणलं नाही.

आणि अजून एक, घरातून जी काही रक्कम दुसऱ्यांसाठी जाणार असेल, कोणाला द्यायची ते त्याला ठरवू द्या. खरंच ठरवू द्या, तुम्ही आधी ठरवून त्याच्याकडून हो म्हणवून घेऊ नका. देण्याचा निर्णय ज्याच्या हातात असतो त्याला सण आपला वाटायला लागतो.

फादरांची_बहीण

माझे भाऊ फादर आहेत, त्यामुळे चर्चच्या आतली बाजू थोडी माहितीये, म्हणून तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

नाही म्हणायचं असेल तर ते नोव्हेंबरमध्ये म्हणा. आत्ता सांगितलं की आम्ही यंदा फक्त क्वायर करू, डेकोरेशन कमिटीत नाही, तर त्यांना दुसरी माणसं शोधायला वेळ मिळतो आणि कोणाला वाईट वाटत नाही. 18-20 तारखेला सांगितलं की भांडण होतं, आणि सांगितलंच नाही तर तुम्ही आतल्या आत चिडत राहता, ते सगळ्यात वाईट. आमच्याकडे नियम असा की घरातल्या प्रत्येकाने चर्चचं एकच काम घ्यायचं, आणि ते मन लावून करायचं. चार वर्षांच्या मुलीला नाटकात घेतलंच पाहिजे असं नाही, तिला पहिल्या रांगेत बसून बघू दे.

दुसरं, तुमच्यासारखी आणखी घरं मंडळीत असणार, नक्की असणार. दोन-तीन जणींनी मिळून फादरांशी किंवा पाळकांशी प्रेमाने बोला, प्रॅक्टिस आठवड्यात एकच ठेवता येईल का, रात्री उशिरापर्यंत नको. तक्रार म्हणून नाही, आगमनकाळ सगळ्यांना पाळता यावा म्हणून. माझे भाऊ म्हणतात, लोक बोललेच नाहीत तर आम्हाला वाटतं सगळ्यांना अजून प्रोग्रॅम हवेत.

सासूबाईंचं, त्यांना गिफ्टवरून समजवायला जाऊ नका. आजीचं देणं हे तिचं प्रेम आहे, त्यावर मर्यादा घातली की तिला प्रेमावरच मर्यादा घातल्यासारखं वाटतं. त्यांना दुसरं काहीतरी मोठं द्या. रोजच्या वाचनानंतरची प्रार्थना आजीने करायची. किंवा एका रविवारी त्यांनी सांगायचं त्यांच्या लहानपणी नाताळ कसा व्हायचा, विश्वासात त्या कशा वाढल्या. लूकमध्ये पण म्हातारी माणसंच आधी ओळखतात, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे आईबाप जखऱ्या आणि अलीशिबा, मग मंदिरात शिमोन आणि हन्ना. मुलांच्या विश्वासाची जबाबदारी आजीवर दिली तर गिफ्टचा मुद्दा त्याच सोडून देतील, आणि नाही सोडला तरी एक गिफ्ट जास्त आल्याने काही बिघडत नाही हो.

सांताबद्दल कोणी विचारलं नाही पण सांगते, आम्ही मुलांना खोटं सांगत नाही. चौथ्या शतकातले मुऱ्याचे (आजच्या तुर्कस्तानातलं गाव) बिशप संत निकोलस, गुपचूप देणारे म्हणून त्यांची ओळख, त्यांचा दिवस 6 डिसेंबर. त्या दिवशी मुलं कोणाला तरी नाव न सांगता काहीतरी देतात. 25 मग पूर्ण प्रभूचा राहतो.

यंदा_पहिलाच

लिहू की नको असं बरेचदा झालं. माझे मिस्टर यावर्षी गेले. तुम्ही सगळे शांतता कशी आणायची ते बोलताय आणि माझ्या घरात इतकी शांतता आहे की 24 ची संध्याकाळ कशी काढायची हेच कळत नाही. मुलगा म्हणतो यंदा झाड नको, मुलगी म्हणते बाबा असते तर लावलं असतं. मला दोघांचंही पटतं. क्वायरमध्ये उभी राहिले तर रडू येईल म्हणून नाव काढून घेतलं.

संडेस्कूलवाली

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत.

आगमनकाळ हा आनंदी असल्याचं दाखवायचा काळच नाहीये. यशया 9 मध्ये अंधकारात चालणाऱ्या लोकांना मोठा प्रकाश दिसला म्हटलंय, ते लोक अंधारातच होते. हन्नेबद्दल लूक 2:36-38 वाचा, लग्नानंतर सात वर्षांत नवरा गेला आणि ती 84 वर्षांची होईपर्यंत विधवा, आणि बाळ येशूला पाहून सगळ्यांना सांगत सुटणाऱ्या पहिल्या माणसांत ती आहे. शिमोन तर त्या बाळाच्या आईला तोंडावर सांगतो की तुझ्या जिवातून तलवार जाईल. जन्माच्या कथेतच दुःखाला जागा आहे, ती आपण काढून टाकलीये.

काही मंडळ्यांमध्ये 21 डिसेंबरच्या आसपास, उत्तर गोलार्धातली वर्षातली सगळ्यात मोठी रात्र असते तेव्हा, ज्यांनी माणूस गमावलाय त्यांच्यासाठी वेगळी साधी उपासना ठेवतात, थोडं वाचन, मेणबत्त्या, रडलं तरी चालतं. तुमच्या मंडळीत नसेल तर पाळकांना विचारा, आणखी किती जण येतील बघा.

झाडाचं मुलांवर सोडा, यंदा छोटं लावलं किंवा नाही लावलं, दोन्ही चालतं. मिस्टरांच्या नावाने एक मेणबत्ती ठेवा, त्यांचं नाव घ्या. लोक नाव घेणं टाळतात आणि त्यानेच जास्त एकटं वाटतं.

मोठ्या_घरातली

यंदा पहिलाच ताई, क्वायरमध्ये नाही गेलात तर नका जाऊ, पण उपासनेला या, मागे बसा, मध्येच उठून गेलात तरी कोणी काही म्हणणार नाही. आणि इथल्या बाकी सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, तुमच्या मंडळीत असं कोणतं घर आहे ते आजच आठवा आणि आजच फोन करा. "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, दुःखातलं माणूस सांगत नाही. 24 ला आमच्यासोबत चर्चला चला, साडेपाचला घ्यायला येतो, असं नेमकं सांगा. ते नाही म्हणाले तर 25 ला परत विचारा.

यंदा_पहिलाच

हन्नेबद्दल इतकं नीट कधी वाचलंच नव्हतं. काल रात्री मुलांसोबत वाचलं. मुलीने विचारलं ती एवढी वर्षं मंदिरात काय करत होती, मग बराच वेळ आम्ही बोलत बसलो, बाबांबद्दल पण बोललो. पाळकांना फोन करणार आहे त्या उपासनेसाठी. तुमचे आभार.

लेकुरवाळी

यंदा पहिलाच ताई, तुमच्या घरासाठी मी आणि सासूबाई रोज प्रार्थना करतोय, त्यांना मी तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी पण माझ्या सासऱ्यांच्या मोठ्या आजारपणातला एक नाताळ एकटीने काढलाय, ते त्या पहिल्यांदाच बोलल्या माझ्याशी.

आमचं काय ठरलं ते लिहिते, कोणाच्या उपयोगी पडलं तर पडेल. वाचन जेवणानंतर, तिथेच टेबलाशी, शेवटची प्रार्थना सासूबाईंची. मोठ्याने वंशावळ आणि मत्तय 2 घेतलंय, उत्साह वगैरे काही नाही, "बघतो" म्हणालाय, आम्ही पण मागे लागत नाहीये. चर्चमध्ये मी क्वायर ठेवलं, ह्यांनी कॅरल, डेकोरेशन कमिटीला काल फोन करून सांगितलं, ते जरा नाराज झाले पण ठीक आहे. धाकटी नाटकात नाही. ह्यांच्या मामांकडे आणि माझ्या बहिणीकडे आम्ही 28 नंतर जाणार. गिफ्ट प्रत्येकी तीन, सासूबाईंची त्याच्याबाहेर. साफसफाईचं अजून काही ठरलेलं नाही, त्यावरून माझं आणि सासूबाईंचं एकमत नाहीये, त्यांना पडद्यांपासून सगळं धुवायचंय. बघू, निदान डिसेंबरच्या आधी उरकायचं एवढं तरी मान्य झालंय.

एक छोटी शंका, चार वर्षांच्या मुलीच्या हाताशी खरी मेणबत्ती ठेवायची भीती वाटते, बॅटरीवालीने चालेल का? तिला फुंकर मारायची आहे म्हणून ती बॅटरीवालीला तयार नाही.

बाबा_माणूस

खरीच ठेवा ताई, थोडी काळजी घेऊन. जाड काचेच्या बरणीत खाली वाळू घाला आणि त्यात मेणबत्ती रोवा, म्हणजे कलंडत नाही. पेटवायचं काम मोठ्याचं, विझवायचं धाकटीचं, आणि काडेपेटी तिच्या हाताला लागणार नाही अशा जागी. चक्राभोवती खरा पाला लावणार असाल तर तो दर आठवड्याला बदला, वाळलेला पाला पटकन पेट घेतो. पडद्यापासून आणि झाडापासून लांब, आणि सगळे टेबलावरून उठायच्या आधी विझवायचीच.